शनिवारचा फळा

साल १९७८. बारावी नावाची इयत्ता नवीनच निघालेली, आणि तासगावात ती शिकवणारं कॉलेज एकच.

शनिवारचा शेवटचा तास होता. मोघे सरांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात उभी रेघ ओढली. खडू फळ्यावर दोनदा आपटला, टक् टक्, आणि लिहिलं : 'ब्युरेटवरचं फनेल काढायचं राहिलं.'

मागच्या बाकावरून दिलीप माने खोकला. दिलीपला खोकला कधीच नव्हता. तो माझ्यासाठी खोकायचा.

"फनेल राहिलं तर काय होतं?" सरांनी विचारलं.

"थेंब गळतात, सर. रीडिंग चुकतं," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"म्हणजे कळतं सगळ्यांना. मग राहतं कसं?"

सर कुणाकडेच बघत नव्हते. सगळा वर्ग मात्र माझ्याकडे बघत होता.

मोघे सर आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की बरोबर काय ते पुस्तकात छापलेलं असतं, त्यासाठी मास्तर कशाला हवा? चूक मात्र ज्याच्या त्याच्या हातात असते आणि ती त्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून आठवडाभर प्रयोगशाळेत ते हात मागे बांधून टेबलांमधून फिरायचे आणि शनिवारी त्या आठवड्याच्या चुका रेघेपलीकडे मांडायचे. शिकवणं इंग्रजीतून, चुका मराठीतून. "आपल्या भाषेत लिहिलं की नीट लाज वाटते," असं म्हणायचे. नाव कधी लिहीत नसत. लिहायची गरजच पडत नसे. चिमूटभर क्षार पुरतो तिथं चमचाभर घेतला, ती मी. तपकिरी कडं दिसायच्या आत परीक्षानळी हलवली, ती मी. पूड निळी दिसली म्हणून चाचणी न करताच तांबं ठरवून मोकळी झाली, तीही मीच. पोरं मला 'फळ्याची मालकीण' म्हणायची.

आणि जिची एकही चूक त्या रेघेपलीकडे कधी आली नाही, ती माझ्या शेजारी बसायची. वसुधा मोघे. सरांची मुलगी.

वसुधाचा ॲप्रन मला आजही दिसतो. वर्ष संपत आलं तरी पांढराशुभ्र. माझ्या ॲप्रनला ॲसिडनं पडलेली भोकं, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग, आई म्हणायची, मुलगी शिकायला जाते की लोहाराकडे. वसुधाची नखंसुद्धा स्वच्छ. तिची वेणी, तिचं हळू बोलणं, तिचं ते मान खाली घालून रीडिंग लिहिणं, सगळ्याचा मला राग यायचा. तिचं काहीही चुकत नव्हतं याचा तर सगळ्यात जास्त. मला वाटायचं, हिला कशाला चुकायला लागतंय? आम्ही आठवडाभर धडपडायचं, आणि हिला संध्याकाळी वरणभाताबरोबर सगळी केमिस्ट्री आयती ताटात वाढलेली.

त्या शनिवारी घरी आले तर आण्णा ओसरीवर बसले होते. आण्णा एस.टी.त कंट्रोलर. बोलताना त्यांच्या आवाजात नेहमी गाडी सुटायची घाई असायची.

"जतचं स्थळ परत विचारून गेलं," ते म्हणाले. "मुलगा पोस्टात आहे. नोकरी पक्की."

"आण्णा, तुम्ही शब्द दिलाय मला."

"दिलाय की. मी कुठं नाही म्हणतोय? मेडिकल मिळालं तर मिरज, नाही मिळालं तर जत. आपल्या डेपोतून दोन्हीकडं गाडी जाते."

"पण तिनं अभ्यास चांगला केलाय," आई आतून म्हणाली.

"मग घाबरायचं काय कारण?" आण्णांनी टोपी घातली. "काय गं रत्ना, घाबरलीस?"

मी नाही म्हटलं. पण घाबरले होते. फिजिक्स आणि बायॉलॉजी मला यायचं. केमिस्ट्रीचा पेपरही मी पाठांतरावर काढला असता. माझं घोडं अडलं होतं प्रॅक्टिकलपाशी. मेडिकलला एकेका मार्कावर दहा-दहा पोरं गळायची, आणि माझा हात असा होता की त्यातून कधी काय सांडेल ते मलाच सांगता आलं नसतं. जत की मिरज हे माझ्या हातावर ठरणार होतं, आणि हाताची लक्तरं दर शनिवारी फळ्यावर टांगलेली.

पुढच्या आठवड्यात आम्हाला ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन होतं. सामान कमी, म्हणून दोघींत एक टेबल. ब्युरेटच्या उंच नळीत जांभळं परमँगनेट भरायचं, पिपेटनं ॲसिड मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं, ते जरा गरम करायचं, आणि मग वरून थेंब थेंब सोडत राहायचं, पुसट गुलाबी छटा येऊन टिकेपर्यंत. त्या काळी पिपेट तोंडानंच ओढायचो आम्ही, सरबताच्या नळीसारखी.

माझं झाल्यावर वसुधानं पिपेट भरली. फ्लास्कवर धरून बोट काढलं. ॲसिड खाली आलं, टोकाशी नेहमीप्रमाणे एक थेंब अडकून राहिला. तो तसाच ठेवायचा असतो. पिपेट तयार करणाऱ्यानं तो थेंब मापात धरलेलाच नसतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण वसुधानं पिपेटचं वरचं टोक ओठांत धरलं, गाल किंचित फुगवले आणि फुंकर मारून तो थेंब फ्लास्कमध्ये पाडला.

मी बघतच राहिले. आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण सर बरोब्बर आमच्या मागे उभे होते. त्यांनीही बघितलं होतं. मला त्यांच्या चष्म्याची काच तिकडे वळलेली दिसली.

मी वाट बघितली. सर काही बोलले नाहीत. दोन पावलं सरकून माझ्याजवळ आले.

"शेडबाळे, हे ॲसिड गरम केलंस?"

"हो सर."

"हात लावून बघ फ्लास्कला."

मी हात लावला. गार होता. बर्नर पेटवायचाच राहिला होता.

"बर्नर न पेटवता गरम करायची युक्ती मलाही शिकव," ते म्हणाले आणि पुढे गेले. वसुधा मान खाली घालून रीडिंग लिहीत होती. तिनं दुसऱ्यांदा पिपेट भरली, आणि दुसऱ्यांदा फुंकर मारली.

बघू शनिवारी, मी मनात म्हटलं. माझा गार फ्लास्क येणारच आहे. तिचा थेंबही यायला हवा.

शनिवार आला. रेघ आली. टक् टक्. 'फ्लास्क गरम न करता टायट्रेशन केलं.' दिलीप खोकला. मग आणखी दोन चुका, कुणाकुणाच्या. आणि सरांनी खडू खाली ठेवून हात झटकले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले.

"सर, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकला तर ती चूक नाही का?"

मी आपणहून कधी काही विचारत नसे. शेजारी वसुधाची पेन्सिल थांबली.

सर माझ्याकडे बघत राहिले. "चूक आहे."

"मग ती लिहिली नाही तुम्ही."

"कोण फुंकतं?"

मला नाव घेता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण नाव घेतलं तर ती चहाडी, आणि फळ्यावर नावं नसतात हा नियम सगळ्यांचा. मी म्हटलं, "आमच्या टेबलावर फुंकतात, सर."

सरांनी खडू उचलला. फळ्याकडे तोंड केलं. खडू आपटलाच नाही. नुसतंच लिहिलं, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात : 'पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकला.'

आणि मागून दिलीपसकट अख्खा बाक खोकला. त्यांना काय ठाऊक! आमच्या टेबलावरची चूक म्हणजे माझीच, असंच सगळ्यांना वाटणार. तिची चूकसुद्धा माझ्या खाती जमा झाली. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते. आणि वसुधा, ही बया, एक शब्द बोलली नाही.

तास सुटल्यावर मी प्रयोगशाळेमागच्या नळावर परीक्षानळ्या धूत होते. धूत कसली, आपटत होते.

"रत्ना." वसुधा मागे उभी होती.

"फुटली तर माझ्या नावावर लावतील, काळजी करू नकोस."

"तो थेंब माझा आहे, हे तू सांगितलं का नाहीस?"

"तू का नाही सांगितलंस? तोंड होतं की तुला. फुंकायला तर चांगलं उघडतं."

तिला हसू आलं. मला ते आणखीच झोंबलं.

"हसतेस काय? तुझं बरं आहे बाई. वडीलच मास्तर. चुकलं तरी झाकलेलं, आणि घरी शिकवणी फुकट. तुला साधं एवढं माहीत नाही, थेंब फुंकायचा नसतो?"

"माहीत नाही?" ती म्हणाली. "रत्ना, मी तिसरीत असल्यापासून पिपेट बघतेय. आमच्या घरात चमच्यांच्या डब्यात एक फुटकी पिपेट आहे."

"मग फुंकतेस कशाला?"

तिनं नळ बंद केला. माझ्या हातातली परीक्षानळी काढून घेतली, उजेडात धरली आणि पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली. पहिल्यांदाच तो ॲप्रन मळलेला बघितला मी.

"नाना बघतात म्हणून," ती म्हणाली.

नाना म्हणजे सर. तरी मला कळेना.

"दादाच्या वेळी गावभर बोललं गेलं. मोघ्यांचा मुलगा, घरबसल्या मार्क. दादाला ते इतकं लागलं की तो नागपूरला गेला तो फिरकतच नाही. तेव्हापासून नानांनी ठरवलंय, वसूला केमिस्ट्रीचं एक अक्षर सांगायचं नाही. घरी विचारलं तर म्हणतात, वर्गात विचार. वर्गात विचारलं तर म्हणतात, पुस्तकात आहे. आणि टेबलापाशी आले की तुझ्या बाजूला उभे राहतात."

"बोलणी खायला बोलावते का मी त्यांना?"

"बोलणी!" तिचा आवाज एकदम चढला. मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "अगं, आमच्याकडे रोज जेवताना कुणाचं नाव निघतं माहीत आहे? 'आज शेडबाळेच्या पोरीनं काय केलं, ऐक.' फनेल काय, नळी काय, तुझं ते निळं तांबं काय. हसतात, घास हातात तसाच राहतो. आई गेल्यापासून नाना घरात दुसऱ्या कशावर बोलत नाहीत गं. माझं वरण गार होतं तुझ्या चुका ऐकता ऐकता."

मी दुसरी नळी धुवायला घेतली.

"नळी मीही हलवली होती. तुझं बघून. ते बघून पुढे गेले आणि तुझ्यापाशी थांबले. चमचाभर क्षार मीही घेतला, फळ्यावर आला तो तुझाच. मग हा थेंब सुरू केला. म्हटलं, हा तरी त्यांना बघवणार नाही. मापात चूक झालेली त्यांना सहन होत नाही. दुधाचं मापसुद्धा वाकून बघतात." तिनं पुसलेली नळी माझ्या हातात दिली. "तुझ्या इतक्या चुका त्यांना पाठ आहेत, रत्ना. माझी एक नाही."

वर्षभर मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. हे कळल्यावर माझं जळणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. उलट मला वाटलं, बघा, हिला चुकायचीसुद्धा चैन आहे. मी चुकले तर जत. ही चुकते ती हौस म्हणून.

"मग आता काय करायचं म्हणतेस?" मी विचारलं.

"आता ती फुंकायची सवय सुटेना झालीय. आज तू उभी राहिलीस तेव्हा घाबरले मी. नको म्हटलं तरी गाल आपोआप फुगतात. तू मला बोल. ते बोलत नाहीत, तर तू बोल."

त्यानंतर परीक्षेपर्यंत वसुधा आमच्या घरी यायला लागली. ती फुटकी पिपेट पिशवीत घालून आणायची. ओसरीवर पाण्याचा तांब्या आणि काचेचा ग्लास घेऊन आम्ही बसायचो. ती पाणी ओढायची, सोडायची, थेंब राहायचा, आणि तिचे गाल फुगले रे फुगले की मी ओरडायचे, "थेंब!" आणि ग्लासवर चमचा वाजवायचे, टक् टक्. खरं सांगते, मला फार मजा यायची. तिच्यावर ओरडायला मिळणं ही त्या वर्षातली माझी सगळ्यात मोठी कमाई होती.

"अगं, किती ओरडतेस तिला," आई म्हणायची. "पाहुणी आहे ती."

"ओरडू दे हो, काकू," वसुधा म्हणायची. "मला आवडतं."

बदल्यात ती माझ्यावर नजर ठेवायची. तिला माझ्या सगळ्या चुका तारीखवार पाठ होत्या, जेवताना ऐकून ऐकून. "आता फनेल," ती सांगायची. "आता बर्नर. आता एककं लिही." एकदा आण्णा ड्यूटीवरून आले, बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "दोघी मिळून पाणी मोजायला शिकताय होय? मग बरोबर. जतला पाण्याची फार टंचाई आहे."

प्रॅक्टिकलचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक कोल्हापूरहून आले होते. पातळ मिशा, कडक इस्त्री, बोलणं मोजून. मुलगी परीक्षेला म्हणून मोघे सरांनी आधीच लिहून दिलं होतं, या तुकडीच्या वेळी ते प्रयोगशाळेत पाऊल ठेवणार नव्हते. आम्हाला टेबलं वेगवेगळी मिळाली. वसुधा खिडकीजवळ, मी तिच्या समोरच्या रांगेत. टायट्रेशन तेच, ऑक्झॅलिक ॲसिडचं.

मी देवाचं नाव घेऊन सुरुवात केली. बर्नर पेटवला. नीट आठवून आठवून एकेक करत होते. कानात सारखं ते टक् टक् वाजत होतं, सबंध वर्षाचं. ब्युरेट भरली. ॲसिड मोजून घेतलं. फ्लास्क गरम केला.

एवढ्यात सगळ्यांच्याच बर्नरच्या ज्योती बसल्या. निळ्या टिकल्यांएवढ्या उरल्या. गॅस प्लँट मागच्या अंगणात होता आणि त्याची कळ मोघे सरांशिवाय कुणाला माहीत नव्हती. परीक्षकांनी शिपायाला पाठवलं. थोड्या वेळानं ज्योती पुन्हा उठल्या. सर प्लँटकडून परत जायला व्हरांड्यातून निघाले, आम्ही पाठीवरूनच ओळखलं.

ते पुढे गेले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण खिडकीपाशी त्यांचे पाय थांबले.

मी माझ्या ब्युरेटचं पहिलं रीडिंग घ्यायला वाकले होते. आणि मला ऐकू आलं.

टक् टक्.

खिडकीच्या गजावर किल्ल्या आपटल्याचा आवाज होता तो. पण आमच्यापैकी प्रत्येकाला तो फळ्यावरचा खडूच वाटला. सगळ्या प्रयोगशाळेतले हात जागच्या जागी थांबले. दिलीप मानेच्या हातातला क्षाराचा चमचा परीक्षानळीच्या तोंडाशी अधांतरी राहिला. प्रत्येकाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. मी दचकून वर बघितलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ब्युरेटच्या डोक्यावर फनेल बसलेलं होतं. त्याच्या टोकाला एक जांभळा थेंब, आता पडू की मग पडू असा.

मी फनेल उचललं. सरांचे आभार मानायला म्हणून मी खिडकीकडे वळले.

सर माझ्याकडे बघत नव्हते.

ते वसुधाकडे बघत होते. तिच्या तोंडात पिपेट होती आणि गाल फुगलेले. सरांनी मान हलवली. एकदाच, डावीकडून उजवीकडे. वसुधाचे गाल हळूच बसले. तिनं पिपेट ओठांतून काढली, टोक फ्लास्कच्या काचेला टेकवलं आणि शेवटचा थेंब तसाच राहू दिला. आणि ती हसली. परीक्षा चालू असताना, परीक्षकांच्या देखत, लहान पोरीसारखी तोंडभर हसली.

वर्षभर मला फळाभर मिळालं होतं. पण इतकं मला कधीच मिळालं नव्हतं.

"कोण ते?" परीक्षक ताडकन खिडकीशी गेले. "मोघे? तुम्ही खुणा करताय?"

"हो," सर म्हणाले.

"ही तुमची मुलगी?"

"हो. माझी मुलगी."

"असं करता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

"नाही. मला माहीत आहे. ती चुकत होती." सरांचा आवाज नेहमीचाच होता, शनिवारचा. "जे काय लिहायचं ते लिहा, मी सही करतो. तिचा प्रयोग पहिल्यापासून करून घ्या. मार्क कापा."

परीक्षकांनी वसुधाचा फ्लास्क बेसिनमध्ये ओतला. तिला दुसऱ्या टेबलावर नेलं, नवीन सामान दिलं, आणि घड्याळ मात्र तेच ठेवलं. ती टायट्रेशन पुन्हा करत राहिली आणि तिचं क्षाराचं विश्लेषण अर्धं राहिलं. माझं सगळं वेळेत झालं. रीडिंगला रीडिंग जुळलं. पुसट गुलाबी, हवं तेवढंच. परीक्षकांनी माझा फ्लास्क उचलून उजेडात बघितला आणि म्हणाले, "गुड." फनेलचं त्यांना काहीच कळलं नव्हतं. ती टकटक माझ्यासाठी नव्हती, पण कामाला आली ती माझ्या.

बाहेर आल्यावर मी वसुधाला शोधलं. म्हटलं रडत असेल, काहीतरी बोलावं. ती व्हरांड्याच्या टोकाला सरांसमोर उभी होती आणि सर तिला रागावत होते.

"पिपेट तोंडात धरताना मान वाकडी करतेस. का? आणि फ्लास्क असा पिळल्यासारखा फिरवतात? मनगट कशाला आहे?"

"हो नाना," ती म्हणत होती. "हो. आणखी?"

मी तशीच मागे फिरले.

निकाल लागला आणि मला मिरजेला मेडिकल मिळालं. वसुधाचं मेडिकल प्रॅक्टिकलच्या मार्कांवर गेलं. आण्णांनी डेपोत पेढे वाटले आणि मिरजेच्या गाडीत मला स्वतः बसवलं. ते रिटायर झाल्यावरही माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून पेशंटना गाड्यांच्या वेळा सांगायचे. पलूसला मी तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवला, आता माझी सून चालवते. जतच्या पोस्टातल्या मुलाचं लग्न माझ्या मामेबहिणीशी झालं. तो पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाला, आणि कार्यात भेटला की मला वाकून नमस्कार करतो, थोडक्यात वाचलो म्हणतो. दिलीप माने द्राक्षबागायतदार झाला. आयुष्यभर बागेवर मोरचूद फवारला, त्यामुळे निळं म्हणजे तांबं हे त्याला चाचणीशिवायच कळायचं. खोकला मात्र त्याला म्हातारपणी खरोखरचा लागला, तो मीच बरा केला.

मोघे सरांना परत कधी परीक्षेच्या कामावर घेतलं नाही. त्यांनी शिकवणं सोडलं नाही, शनिवारचा फळाही सोडला नाही. वसुधा केमिस्ट्री घेऊनच बी.एस्सी., एम.एस्सी. झाली आणि विट्याला प्राध्यापक म्हणून लागली. लग्न तिनं उशिरा केलं, नवरा समजूतदार मिळाला, आणि सर शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिले.

सर खूप थकले होते तेव्हा मी एकदा विट्याला गेले होते. त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं, छाती तपासली. ते खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत होते.

"सर, काही चुकतंय का माझं?" मी विचारलं. मला खरंच हवं होतं, त्यांनी काहीतरी काढावं.

"छे," ते म्हणाले. "तुझ्या चुका संपल्या आता. तुझ्याशी बोलायचं तरी काय?"

तेवढ्यात वसुधा चहा घेऊन आली. सरांनी एक घोट घेतला आणि कपावर चमचा आपटला, टक् टक्.

"पुन्हा आलं आधी घातलंस. दूध नासेल एखाद्या दिवशी. किती वर्षं सांगतोय? आणि हा कप भरलाय किती, बशीत सांडलं बघ. मापाचं काही आहे की नाही तुला?"

"नाही नाना," वसुधा म्हणाली, आणि पदरानं बशी पुसत माझ्याकडे बघून हसली, तशीच, तोंडभर. केस पांढरे झाले होते तिचे.

माझा चहा मापात होता. मी तो पिऊन टाकला. मला त्या बाईचा फार हेवा वाटला.